पट्टी गावाची, शाळा कुणाची?

त्र्यंबकेश्वरात ज्याचे स्वतःचे घर आहे, त्याच्या हाती दरवर्षी नगरपरिषदेचे घरपट्टीचे देयक पडते. या कागदावर बहुधा दोनच गोष्टी पाहिल्या जातात : एकूण रक्कम किती आणि ती भरण्याची अखेरची तारीख कोणती. मधल्या ओळी वाचण्याचे कष्ट फारसे कुणी घेत नाही. त्या ओळींत एकत्रित मालमत्ता कर असतो, वृक्ष कर असतो आणि त्यांच्याच शेजारी ‘शिक्षण कर’ नावाची आणखी एक ओळ असते. रक्कम मोठी नसते आणि तिच्याविषयी सहसा तक्रारही होत नाही. तथापि कोणत्याही सुजाण नागरिकाला पडावा असा एक प्रश्न त्या ओळीत दडलेला आहे. हा पैसा कोणत्या शाळेत जातो, किती जातो आणि तो तसा जावा हे कुणी ठरवले?

या प्रश्नाचे उत्तर सुखावह नाही. ‘महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियम, १९६२’ या कायद्यान्वये नागरी भागातील जमिनी व इमारतींवर हा उपकर बसतो. राहत्या घराला त्याचा दर कमी, तर व्यापारी वापराच्या इमारतीला अधिक असतो. तो वसूल नगरपरिषदेने करायचा आणि राज्याच्या तिजोरीत भरायचा, अशी ही व्यवस्था आहे. म्हणजे वसुलीचे कष्ट नगरपरिषदेचे, थकबाकीदाराचा रोष नगरपरिषदेवर आणि विनियोगाचा निर्णय मात्र मंत्रालयाचा! गावातील शाळेचे छप्पर गळत असेल, तर ‘शिक्षण कर भरला आहे’ अशी पावती दाखवून ते दुरुस्त करून घेण्याचा अधिकार कर भरणाऱ्याला नाही. आणि त्याने निवडून दिलेल्या नगरसेवकालाही नाही.

याहून विचित्र गोष्ट पुढेच आहे. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने नगरपालिकांचे दोन वर्ग मानले. ज्या नगरपालिकांना स्वतःच्या प्राथमिक शाळा चालवण्याचा अधिकार मिळाला, त्या ‘अधिकृत’ नगरपालिका. त्यांना स्वतंत्र शिक्षण मंडळ असे. उरलेल्या छोट्या नगरपालिकांच्या हद्दीतील सरकारी प्राथमिक शाळांचा कारभार जिल्ह्याच्या यंत्रणेकडे राहिला आणि १९६१ च्या कायद्यानंतर तो जिल्हा परिषदेकडे आला. ‘क’ वर्गातील लहान गावांची बहुधा हीच स्थिती आहे. आता यातील विसंगती पाहावी. नगरपरिषदेच्या हद्दीत राहणारा मतदार जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मतदान करीत नाही. जिल्हा परिषदेचे गट केवळ ग्रामीण भागाचे असतात. म्हणजे अशा गावातला नागरिक ज्या नगरपरिषदेला मत देतो, तिच्याकडे शाळा नाही. आणि जिच्याकडे शाळा आहे, त्या जिल्हा परिषदेला तो मत देऊ शकत नाही. शिक्षणाचा पैसा भरणारा एक, शाळा चालवणारा दुसरा आणि निर्णय घेणारा तिसरा. या तिघांची गाठ कधी पडतच नाही.

त्यातच मधल्या काळात लोकप्रतिनिधींची सभागृहेही रिकामी राहिली. त्र्यंबकेश्वर नगरपरिषदेची २०१७ च्या डिसेंबरात निवडून आलेली सभा २०२२ च्या डिसेंबरात मुदत संपून विसर्जित झाली. त्यानंतरची निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये झाली. नाशिक जिल्हा परिषदेतही मार्च २०२२ मध्ये प्रशासक आला. म्हणजे सुमारे तीन वर्षे गावाचे अंदाजपत्रक प्रशासकाच्या सहीने मंजूर होत गेले. प्रशासक कर्तव्यदक्ष असेलही. पण अंदाजपत्रक म्हणजे आकड्यांचा तक्ता नव्हे. गावाला यंदा काय हवे आणि त्यासाठी गाव काय सोसायला तयार आहे, याविषयी गावाने स्वतःशी केलेला तो करार असतो. तो करार गावाच्या वतीने दुसऱ्याच कुणी लिहू लागले, की गावाचा त्यावरचा विश्वास उडतो आणि हळूहळू त्यातले स्वारस्यही संपते. लोकप्रतिनिधी परत आले, हे चांगलेच झाले. पण त्यांच्या परत येण्याने शाळेचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

ग्रामीण आणि नागरी भागांतील एक तफावतही येथे लक्षात घ्यावी लागेल. त्र्यंबकेश्वरहून नाशिककडे निघाले की वाटेत अंजनेरी लागते. तिथे ग्रामपंचायत आहे आणि म्हणून ग्रामसभा आहे. कायद्याने ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरावी लागते आणि जमाखर्चाचे वार्षिक विवरण तिच्यापुढे ठेवावे लागते. गावकरी उभा राहून सरपंचाला विचारू शकतो, ‘शाळेच्या भिंतीचे काय झाले?’ त्र्यंबकेश्वरात राहणाऱ्या नागरिकाला अशी जागाच नाही. नगरपरिषदेची सभा नगरसेवकांची असते. नागरिक तेथे फार तर श्रोता. नागरी भागात ‘क्षेत्रसभा’ घेण्याची तरतूद महाराष्ट्राने २००९ मध्ये केली खरी. परंतु ती बहुतांशी कागदावरच राहिली. घटनेतही हा फरक उमटला आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी जे अकरावे परिशिष्ट दिले, त्यात ‘प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण’ असा स्पष्ट विषय आहे. ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांसाठी दिलेल्या बाराव्या परिशिष्टात मात्र ‘सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना’ एवढीच मोघम नोंद आहे. खेड्याला शाळा दिली आणि शहराला चालना दिली! २०११ च्या जनगणनेप्रमाणे अवघ्या १२,०५६ लोकवस्तीचे त्र्यंबक हे कायद्याच्या दृष्टीने शहर आहे. म्हणून खेड्याचा अधिकार त्याला नाही आणि महानगराचे सामर्थ्यही नाही.

गावाने पैसा द्यावा आणि त्याचा हिशेब मागावा, ही कल्पना परकी आहे असे काहींना वाटते. वस्तुतः ती या मातीत फार जुनी आहे. तामिळनाडूतील उत्तरमेरूर येथील चोल राजा पहिला परांतक याच्या काळातील, दहाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातले शिलालेख प्रसिद्ध आहेत. गावाच्या समित्यांवर कुणाची निवड व्हावी, याचे नियम त्यांत कोरलेले आहेत. पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब सादर केला नाही, तो पुन्हा निवडीस अपात्र. इतकेच नव्हे, तर त्याचे जवळचे नातलगही अपात्र. अकराशे वर्षांपूर्वी हिशेबाला एवढे महत्त्व देणारा समाज आज घरपट्टीच्या देयकावरची मधली ओळही वाचत नाही, याला काय म्हणावे?

शाळेच्या बाबतीतही हेच दिसते. गांधीवादी इतिहाससंशोधक धर्मपाल यांनी ‘द ब्यूटिफुल ट्री’ या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मद्रास इलाख्यातील देशी शाळांची पाहणी तपशिलाने मांडली. ही पाहणी गव्हर्नर थॉमस मन्रो याच्या १८२२ च्या आदेशाने झाली होती. धर्मपाल यांचे प्रतिपादन असे, की गावोगावच्या शाळा गावाच्याच महसुलातून राखून ठेवलेल्या वाट्यावर चालत. इंग्रजी राजवटीने महसूल मध्यवर्ती तिजोरीत ओढून घेतला आणि मुळाशी पाणीच न राहिल्याने झाड वाळत गेले. त्यांच्या सर्व निष्कर्षांविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तथापि पैसा वर गेला की अधिकारही वर जातो आणि मग खाली उरते ती याचना, हा त्यातला बोध नाकारता येण्याजोगा नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न अत्यंत रोखठोकपणे मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्यातील तृतीयांश शिक्षणासाठी असे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी सरकारला हेच सुनावले, की पैसा कष्टकरी शेतकऱ्याच्या घामाचा आणि लाभ मात्र वरच्या थराच्या शिक्षणाला, हा न्याय नव्हे. जोतीराव स्वतः पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद राहिलेले होते. करवसुलीचे आणि खर्चाचे आकडे त्यांनी जवळून पाहिले होते. ‘कर कोण देतो आणि लाभ कुणाला होतो’ हा त्यांचा प्रश्न आजही घरपट्टीच्या त्या एका ओळीला तितकाच लागू पडतो.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे जे विधेयक मांडले, त्याचाही गाभा स्थानिक निर्णय हाच होता. सक्ती लागू करायची की नाही, हे नगरपालिकेने वा जिल्हा बोर्डाने ठरवावे. त्यासाठी शिक्षणपट्टी बसवण्याची मुभा त्यांना असावी आणि खर्चाचा एक तृतीयांश वाटा त्यांनी, तर दोन तृतीयांश सरकारने उचलावा, अशी गोखल्यांची मांडणी होती. मार्च १९१२ मध्ये हे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांत सरकारी अधिकाऱ्यांबरोबरच काही धनिक भारतीय सभासदही होते, हे विसरता कामा नये. पुढे १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना असा अधिकार देणारा कायदा झाला. मग स्वातंत्र्य आले, सरकार आपले झाले आणि ‘आता सारे सरकार पाहील’ या समजुतीने गावाने शाळेवरचा हातच काढून घेतला.

आज अनेक मराठी कुटुंबे अमेरिकेत स्थायिक झालेली आहेत. तिथे घर घेताना ती आधी शाळा पाहतात, कारण तिथली शाळा मोठ्या प्रमाणात त्या गावाच्या मालमत्ता करावर चालते. न्यूयॉर्क राज्यात मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी बहुतेक शालेय जिल्ह्यांतील नागरिक आपल्या शाळांच्या अंदाजपत्रकावर प्रत्यक्ष मतदान करतात. अंदाजपत्रक फेटाळले गेले तर जूनमध्ये ते पुन्हा मतास टाकता येते. तरीही नामंजूर झाले तर करवाढ न करता काटकसरीचे अंदाजपत्रक राबवावे लागते. २०११ च्या कायद्याने करवाढीवर मर्यादा घातली आहे. ती ओलांडायची तर साठ टक्के मते मिळवावी लागतात. न्यू जर्सीतही २०१२ पर्यंत बहुतेक गावांत दर एप्रिलला असे मतदान होत असे. नंतर मर्यादेतील अंदाजपत्रकांना त्यातून सूट घेण्याची मुभा मिळाली. लोकांच्या हाती मत दिले की ते फक्त कर कमी करण्यासाठीच वापरतील, अशी भीती आपल्याकडे व्यक्त होते. न्यूयॉर्कचा अनुभव वेगळा आहे. तिथे बहुसंख्य अंदाजपत्रके मंजूर होतात. आपला पैसा कुठे जातो हे ज्याला दिसते, तो माणूस सहसा कद्रूपणा करीत नाही.

अर्थात अमेरिकेचे आंधळे अनुकरण करण्याचे कारण नाही. गावाच्या श्रीमंतीवर शाळा सोपवली की श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत होते आणि गरीब गावाचे मूल जन्मतःच मागे पडते. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून दिलेल्या अनेक निकालांत याच विषमतेवर बोट ठेवले आहे. आपल्याकडेही मुंबईतील इमारतींवरचा शिक्षण कर राज्याच्या तिजोरीत जातो, म्हणूनच सुरगाणा-पेठच्या डोंगरातील शिक्षकाचा पगार निघू शकतो. समाज एक आहे, ही भावना जर खरी असेल, तर ज्याच्याकडे अधिक आहे त्याने ज्याच्याकडे कमी आहे त्याच्यासाठी दिलेच पाहिजे. म्हणून शिक्षण कर राज्याकडे जाऊच नये, अशी मागणी कुणी केली तर ती संकुचित ठरेल. मागणी वेगळी हवी. गेलेल्या पैशाचा हिशेब गावाला मिळावा. आणि गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातला एक निश्चित वाटा गावाच्या संमतीने गावातील शाळांसाठी राखला जावा. समता राज्याने सांभाळावी, आस्था गावाने.

त्र्यंबकेश्वराच्या बाबतीत या ‘स्वतःच्या उत्पन्ना’चा विचार विशेष महत्त्वाचा आहे. एकेकाळी नगरपालिकांना जकातीचा आधार होता. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि तिच्या बदल्यात राज्याचे सहायक अनुदान आले. हक्काचे म्हणून उरले ते मुख्यतः घरपट्टी-पाणीपट्टीचे उत्पन्न. पण त्र्यंबकेश्वर हे बारा हजारांचे गाव असले, तरी ते केवळ बारा हजारांचे नाही. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक येथे आहे. गोदावरी येथील ब्रह्मगिरीवर उगम पावते. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या समाधीच्या दर्शनासाठी दिंड्या येतात. बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. २०१५ नंतरच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी निश्चित झाले आणि त्यासाठी २०२५ मध्ये स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरणही स्थापन करण्यात आले. गावाच्या रस्त्यांवर, पाण्यावर, सांडपाण्यावर जो भार पडतो तो त्या लाखो भाविकांचा असतो. घरपट्टी मात्र त्या थोड्या घरांनी भरायची असते.

१९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने हे ओळखले आहे. ज्या गावात देवस्थान आहे, तिथे यात्रेकरूंवर कर बसवण्याची मुभा या कायद्यात आहे. आणि त्याच यादीत ‘विशेष शिक्षण कर’ही आहे. असा कर बसवायचा तर नगरपरिषदेला आधी विशेष सभेत ठराव करावा लागतो, नियम प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि मग शासनाची मंजुरी घ्यावी लागते. म्हणजे नागरिकांना बोलावण्याची एक खिडकी कायद्याने उघडी ठेवली आहे.

परंतु भाविकांवर नवा कर बसवा, असे येथे सुचवायचे नाही. यात्राकराची आठवण हिंदू समाजाच्या मनात कडू आहे. मोगलांच्या काळात तो होता. अकबराने तो रद्द केला. नंतर ईस्ट इंडिया कंपनीने पुरी, गया, प्रयाग येथे तो वसूल केला आणि १८४० मध्ये सोडून दिला. देवाच्या दारी येणाऱ्याला नाक्यावर अडवून पैसे मागणे कुणालाच शोभत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्र्यंबकेश्वरात वाहनशुल्क वसूल करणाऱ्यांकडून पत्रकारांना मारहाण झाल्याची घटना राज्यभर गाजली. तिच्यातून घ्यायचा धडा केवळ कायदा-सुव्यवस्थेचा नाही. ज्या वसुलीचा विनियोग गावाला माहीत नाही आणि भाविकाला दिसत नाही, ती वसुली ठेकेदारीच्या पातळीवर उतरते आणि तीर्थक्षेत्राचे नाव खराब करते. याउलट, जे पैसे यात्रेच्या निमित्ताने नगरपरिषदेकडे येतातच, त्यातील अमुक वाटा येथील मुलांच्या शाळेला जातो, असा फलक वेशीवर लागला तर देणाऱ्याचीही भावना बदलेल. अन्नदान श्रेष्ठ मानणारा आपला समाज विद्यादान त्याहून श्रेष्ठ मानतो. तीर्थक्षेत्री दिलेला पैसा विद्येच्या कारणी लागतो, हे कळल्यावर कोणता भाविक कुरकुर करील?

शाळेला हवे तरी किती असते? शिक्षकांचे पगार राज्य सरकार देते. तो भार गावाने उचलावा, असे कुणी म्हणत नाही. उरतो तो रोजचा खर्च. ‘समग्र शिक्षा’ योजनेतून २०१८ पासून शाळांना पटसंख्येवर संयुक्त अनुदान ठरवण्यात आले. शंभरहून अधिक आणि अडीचशेपर्यंत विद्यार्थी असलेल्या शाळेला वर्षाला पन्नास हजार रुपये. त्यातून वीजबिल, खडू, नोंदवह्या, स्वच्छतेचे साहित्य, किरकोळ दुरुस्ती असे सारे भागवायचे. अडीचशे मुलांच्या शाळेला हे माणशी वर्षाला दोनशे रुपये झाले. म्हणजे दरमहा सतरा रुपयांच्या आसपास. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी असणे, पावसाळ्यात वर्ग कोरडा राहणे, वाचनालयात वाचण्याजोगी पुस्तके असणे, या गोष्टी या रकमेत बसत नाहीत. आणि त्र्यंबकचा पाऊस म्हणजे कोकणाशी स्पर्धा करणारा. येथे शाळेचे छप्पर हा चैनीचा विषय नाही.

ही शाळा कुणाची आहे, हेही स्पष्टपणे पाहिले पाहिजे. ज्यांची ऐपत आहे त्यांची मुले इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांत किंवा थेट नाशिकला जातात. सरकारी शाळेच्या बाकावर बसतात ती फुले-बेलपत्र विकणाऱ्यांची, हॉटेलात भांडी घासणाऱ्यांची, रिक्षा चालवणाऱ्यांची आणि आसपासच्या पाड्यांवरून आलेल्या वनवासी कुटुंबांची मुले. ज्या मध्यमवर्गाकडे बोलण्याची भाषा आहे, अर्ज करण्याची सवय आहे, नगरसेवकाला थांबवून विचारण्याचे धैर्य आहे, त्याचे मूल त्या शाळेत नाही. आणि ज्याचे मूल त्या शाळेत आहे, त्याचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचत नाही. शाळेची दुरवस्था पैशाच्या अभावाइतकीच या दुराव्यातून होते. समरसतेची भाषा बोलणाऱ्यांना स्वतःची परीक्षा घ्यायची असेल, तर त्यासाठी गावातील सरकारी शाळेइतकी चांगली जागा दुसरी नाही.

मार्ग अवघड नाही. नवा कायदा व्हावा लागत नाही. पहिली गोष्ट, नगरपरिषदेने घरपट्टीच्या देयकासोबत अर्ध्या पानाचे एक पत्रक द्यावे : गतवर्षी गावातून शिक्षण कर किती वसूल झाला, तो राज्याकडे किती भरला आणि गावातील शाळांना कोणत्या मार्गाने किती रक्कम आली. दुसरी गोष्ट, वार्षिक अंदाजपत्रकाच्या विशेष सभेपूर्वी नागरिकांची एक खुली बैठक घ्यावी. तिला कायद्याचे बंधन नसेल. पण भर सभेत हात उंचावून गावाने जे मागितले, ते नाकारताना नगरसेवकाला विचार करावा लागेल. तिसरी गोष्ट, यात्रेच्या निमित्ताने मिळणाऱ्या शुल्काचा एक निश्चित वाटा शाळांसाठी वेगळा ठेवण्याचा ठराव सभागृहाने करावा. तो किती असावा, हे गावाने ठरवावे. आणि चौथी गोष्ट, तो कशावर खर्च व्हावा हे ठेकेदाराने न ठरवता शाळा व्यवस्थापन समितीने ठरवावे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये ही समिती निर्माण केली. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे कायदेशीर कर्तव्य आहे. बहुतेक ठिकाणी तो आराखडा मुख्याध्यापक भरतात आणि समितीच्या सह्या घेतल्या जातात. हा आराखडा नगरपरिषदेच्या पटलावर आला, तर त्या सह्यांना अर्थ येईल. सिंहस्थाच्या तयारीत हे विसरता येणार नाही. पर्वकाळात बंदोबस्तासाठी, निवासासाठी शाळांच्या इमारती घेणे आपल्याकडे नवे नाही. ज्या वास्तूचा उपयोग सारे राष्ट्र करते, ती पर्वणीनंतर पूर्वीपेक्षा चांगल्या स्थितीत मुलांच्या स्वाधीन झाली पाहिजे, एवढी अट गावाने आजच घालावी.

हक्काबरोबर कर्तव्य येते, हे मात्र विसरून चालणार नाही. मालमत्तांची फेरआकारणी चार वर्षांनी होते. तिची यादी पाहण्यासाठी खुली असते आणि हरकतीसाठी मुदत दिली जाते. त्या दिवसांत नगरपरिषदेत गर्दी होते ती स्वतःचा कर कमी करून घेणाऱ्यांची. घरावर चढवलेला मजला नोंदवला आहे का, ‘निवासी’ म्हणून दाखवलेल्या खोल्यांत यात्रेकरू पैसे देऊन उतरतात का, हे स्वतःहून सांगणारे किती? गावाची पट्टी चुकवायची आणि गावाच्या शाळेला नावे ठेवायची, हे एकाच तोंडाने शोभत नाही. जो स्वतःची थकबाकी ठेवतो, त्याला नगरपरिषदेकडे हिशेब मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. उत्तरमेरूरचा नियम कारभाऱ्यांसाठी होता; त्याची दुसरी बाजू नागरिकांसाठीही आहे.

येथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. मोर्चा काढणे सोपे असते. अंदाजपत्रक वाचणे कठीण. प्रत्येक प्रभागात दोन-तीन सुशिक्षित तरुणांनी नगरपरिषदेचे अंदाजपत्रक मिळवावे, शिक्षणाशी संबंधित बाबी अधोरेखित कराव्यात, शाळेत जाऊन प्रत्यक्ष पाहावे आणि चार घरांत बसून ते समजावून सांगावे. निवृत्त शिक्षक, लेखापाल, बँकेतील कर्मचारी प्रत्येक गावात असतात. त्यांच्या अनुभवाचा याहून चांगला उपयोग नाही. कोणत्या पक्षाचा नगराध्यक्ष आहे, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. आपल्या पक्षाचा असेल तर त्याला प्रश्न विचारण्याची जबाबदारी उलट अधिकच. शिस्तबद्ध कार्यकर्त्याने आपल्या माणसाला सवलत दिली, की संघटनेचे तेज कमी होते.

त्र्यंबकेश्वराच्या पुरोहितांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात. देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून आलेल्या यजमानाला त्याचे पणजोबा कोणत्या साली आले होते, सोबत कोण होते, हे त्या वहीत सापडते. छपाई नव्हती, संगणक नव्हते. तरी या गावाने परमुलखातील कुटुंबांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या नोंदी निगुतीने जपल्या. ज्या गावाने हिंदुस्थानभरच्या घरांची नोंद सांभाळली, त्या गावाला स्वतःच्या मुलांच्या शाळेची एक वही ठेवता येऊ नये? किती आले, किती गेले, कशावर गेले, कुणी ठरवले, एवढ्या चार रकान्यांची ती वही असेल. ती दरवर्षी गावापुढे उघडली जावी आणि गावाने ती वाचावी.

‘गाव करील ते राव काय करील’, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती नुसती म्हणण्यासाठी नाही. पुढचे घरपट्टीचे देयक हाती येईल, तेव्हा मधली ओळ वाचावी, रक्कम मुदतीत भरावी आणि पावती खिशात ठेवून शाळेच्या फाटकापर्यंत चालत जावे. प्रश्न कुठून सुरू करायचा, ते तिथे उभे राहिल्यावर कळेल.